ड्रोन घरी परत येतो

धर्मराजनं आपल्या मिरचीच्या वावराचा आकाशातून काढलेला व्हिडिओ बायकोच्या माहेरच्या ग्रुपवर टाकला, तेव्हा बद्रीनाथ जेवायला बसला होता. त्याच्या बायकोनं, दैवशालानं, मोबाइल त्याच्या ताटाशेजारी धरला. हिरव्यागार ओळी, त्यांच्यामधून सरकत येणारी विहीर आणि विहिरीच्या काठावर कमरेवर हात ठेवून वर बघणारा धर्मराज. त्याखाली लगेच सासूबाईंचा आवाज आला, "लई झ्याक दिसून राह्यलंय, बापू! इमानातून बघावं तसं."

बद्रीनाथनं हातातला भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला.

"काय झालं? मीठ कमी हाय का?" दैवशालानं विचारलं.

"मीठ बराबर हाय. भूकच न्हाई."

धर्मराज हा बद्रीनाथचा साडू. दैवशालाची धाकटी बहीण मीना त्याला दिलेली. पिंपळगाव रेणुकाईच्या शिवारात दोघांच्या वस्त्या एकाच नाल्याच्या दोन काठांवर होत्या, त्यामुळे धर्मराजच्या घरी नवीन काहीही आलं तरी ते बद्रीनाथला ओसरीत बसल्या बसल्या दिसे. जीप आली ती दिसली. गच्चीवर सोलर बसलं ते दिसलं. तेही त्यानं पचवलं असतं. पण हसनाबादला सासुरवाडीत पंगतीला बसलं, की सासूबाई सगुणाबाई धाकट्या जावयाच्या पोळीवर तूप सोडताना हात आवरायच्या नाहीत, आणि बद्रीनाथच्या ताटापाशी येईपर्यंत वाटी रिकामी झालेली असे. वीस वर्षं हे असंच चाललं होतं. बद्रीनाथ कधी बोलला नाही. त्याला तूप फारसं आवडतही नव्हतं. पण वाटी रिकामी व्हायची ती नेमकी त्याच्याच आधी, हे त्याच्या मनातून जात नव्हतं.

त्या संध्याकाळी त्यानं पुण्याला मुलाला, भारतला फोन लावला. "ते उडतं कॅमेऱ्याचं येतं ना, ते पाठवून दे. धर्मराजकाकाचं हाय तसंच. बिलकुल तसंच."

"आबा, तुम्हाला कशाला ड्रोन?"

"बाग बघाया."

मोसंबीची दोनशे झाडं बद्रीनाथ रोज पायी फिरून बघायचा, हे भारतला ठाऊक होतं. पण बापानं जन्मात पहिल्यांदा काही मागितलं होतं. पंधरा दिवसांत खोकं आलं.

बद्रीनाथनं ही गोष्ट गावात कुणाला कळू दिली नाही. आधी नीट शिकायचं, मग एके दिवशी सगळ्यांच्या डोक्यावरून असा फिरवायचा की धर्मराजनं बघतच राहावं, असा त्याचा बेत होता. तो रोज सकाळी गोठ्यामागच्या मोकळ्या जागेत जाई. भारत फोनवरून शिकवी आणि दैवशाला बाजूला उभी राहून ड्रोन कुणीकडं गेला ते बोटानं दाखवी. डाव्या दांडीनं वर-खाली, उजव्या दांडीनं पुढं-मागं. आठ दिवसांत बद्रीनाथला बऱ्यापैकी जमायला लागलं. सगळ्यात जास्त त्याला आवडलं ते घरी परत यायचं बटण. ते दाबलं, की ड्रोन कुठंही असो, गुमान माघारी येऊन जागच्या जागी उतरायचा.

"बैलसुद्धा इतका शहाणा न्हाई," तो दैवशालाला म्हणाला.

"पण आबा, एक ध्यानात ठेवा," भारत बजावून सांगायचा. "उडवायच्या आधी स्क्रीनवर उपग्रहांचा आकडा बघायचा. तो पुरेसा झाला, की मोबाइलमधली बाई म्हणते, होम पॉइंट अपडेटेड. म्हणजे ड्रोननं घर ध्यानात ठेवलं. त्याच्याआधी उडवायचं नाही. घाई करायची नाही."

"मी कुठं घाई करून राह्यलो?"

आणि एरवी त्यानं घाई केलीही नसती. पण एका सकाळी भाकऱ्या झाल्यावर दैवशाला बाहेर आली आणि सहज म्हणाली, "धाकट्या पाव्हण्याची जीप आत्ताच हसनाबादकडून आली बघा. म्होरं कुणी तरी बाई बसली होती. हिरवं लुगडं दिसलं."

बद्रीनाथनं कान टवकारले. "हिरवं? काठ कसा होता?"

"तांबडा असावा."

"मामी!" बद्रीनाथ ताडकन उठला. सगुणाबाईंचं ते लुगडं त्याला पाठ होतं. "मामी परस्पर त्याच्याकडं उतरल्या. मला एका शब्दानं सांगितलं न्हाई. थोरला जावाई मेला की काय?"

"अवो, मीनाच्या तिखटाला आली असंल. दुपारून येईल इकडं."

"मामीच हायेत का, ते तर बघू दे."

तो गोठ्यामागं धावला. ड्रोन लिंबाखाली ठेवला, तिथंच चालू केला. सकाळच्या सरावात बॅटरी निम्म्याच्या खाली आली होती, ते त्यानं बघितलं नाही. झाडाच्या सावलीत उपग्रहांचा आकडा चारवर अडकला होता, तोही त्यानं बघितला नाही. पडद्यावर पिवळ्या अक्षरांत काहीबाही सूचना आल्या, त्या त्यानं अंगठ्यानं बाजूला सारल्या. ड्रोन भुर्रकन फांद्यांमधून वर गेला आणि नाला ओलांडून थेट धर्मराजच्या खळ्यावर जाऊन थांबला.

तेवढ्यात मोबाइलमधली बाई ठसक्यात म्हणाली, "होम पॉइंट अपडेटेड."

"बाई काय म्हणली?" दैवशालानं विचारलं.

"म्हणली, सगळं बराबर हाय. हिकडं बघ!"

पडद्यावर खळं दिसत होतं. ताडपत्रीवर लालभडक मिरच्या पसरलेल्या, एका बाजूला कुटलेल्या तिखटाच्या दोन पराती, आणि बाजेवर हिरव्या लुगड्यातल्या सगुणाबाई. धर्मराज त्यांच्यापुढं वाकून ताट धरून उभा होता. बद्रीनाथनं ड्रोन आणखी खाली घेतला.

"शिरा हाय," तो कापऱ्या आवाजात म्हणाला. "सकाळी सकाळी शिरा. आणि स्वतःच्या हातानं वाढून राह्यलाय. कसा वाकलाय बघ. एवढा तर रेणुकाईपुढं वाकत न्हाई."

"तुम्हाला कुणी वाकू नको म्हणलंय?"

याला उत्तर द्यायच्या आधीच मोबाइल ओरडायला लागला. बॅटरी संपत आली होती, आणि दहापासून उलटे आकडे मोजत ड्रोन आपण घरी जात असल्याचं सांगत होता. बद्रीनाथनं दांड्या सोडल्या. "जाऊ दे. येईल आपोआप. गोधडी आण जल्दी, मऊ उतरू दे."

दैवशालानं गोधडी आणून पसरली. दोघं नवरा-बायको तिच्या दोन बाजूंना उभे राहून नाल्याच्या दिशेनं आभाळात बघू लागले. एक बगळा आला. एक घार आली. ड्रोन आला नाही. बद्रीनाथनं पडद्यावर नजर टाकली, तर परात मोठी मोठी होत चालली होती. मग सगळा पडदा लाल झाला. मग काळा.

"पेटलं!" बद्रीनाथ किंचाळला.

"माझी आई?"

"त्यांचं न्हाई गं, ड्रोनचं म्हणतोय!"

पण दुसऱ्याच क्षणी त्यालाही मामींची आठवण झाली. त्यानं रिमोट मोबाइलसकट पिशवीत टाकला. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून वर दहा-बारा मोसंब्या कोंबल्या आणि नाल्यातून पळत सुटला.

धर्मराजच्या खळ्यात तो शिरला, तेव्हा तिथं कुणी मेल्यासारखा देखावा होता. सगुणाबाई पदर तोंडाला लावून हुंदके देत होत्या. मीनाच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. धर्मराज भिंतीला कपाळ टेकून उभा होता आणि त्याचे खांदे गदगदत होते. बद्रीनाथनं पायातल्या वहाणा कडेला काढल्या. "काय झालं, मामी?" असं विचारायला त्यानं तोंड उघडलं, आणि लागोपाठ सात शिंका दिल्या.

सगळीकडं तिखट उडालं होतं. बाजेवर, गाईच्या पाठीवर, शिऱ्याच्या ताटावर. परातींच्या बरोबर मध्ये, तांबड्या भुकटीत न्हालेला ड्रोन चारी पाय रोवून बसला होता.

"या, जावाईबापू," सगुणाबाई शिंकत म्हणाल्या. "तुम्हीच बघा धाकट्याचे उद्योग! म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर आणून उतरवलं येडं उडतं भिंगाट. माझं वरसाचं तिखट गेलं. डोळे गेले असते म्हंजे?"

बद्रीनाथ चमकला. ड्रोन धर्मराजचा, असं सगळ्यांनी धरूनच घेतलं होतं. त्याहून नवल म्हणजे धर्मराज नाही म्हणत नव्हता. मान खाली घालून तो म्हणाला, "चुकलं, मामी. माझंच हाय. सर्व्हिसिंगला गेल्तं, आज परत आलं."

"आपोआप आलं?"

"आता सगळं आपोआपच येतं, मामी."

बद्रीनाथ पुढं सरकला. माझा हाय, हे शब्द अगदी त्याच्या जिभेच्या टोकावर आले होते. तेवढ्यात सगुणाबाईंनी त्याचा हात धरून त्याला बाजेवर स्वतःशेजारी बसवलं.

"ह्यांच्याकडून शिका जरा," त्या धर्मराजला म्हणाल्या. "इतक्या वरसांत एक फालतू खर्चा न्हाई. असले चोचले न्हाईत. पायी हिंडून बाग बघतेत. शाणा माणूस हाय. मीना, तो शिरा फेक आणि थोरल्या पाव्हण्याला ताजा करून आण. तूप हात सोडून टाक."

वीस वर्षांत हे शब्द बद्रीनाथच्या कानांवर पहिल्यांदाच पडत होते. तो जिभेवर आलेलं सगळं गिळून बसला. समोर ड्रोन तिखटात बसला होता, आणि तो आपला म्हणायचा तर आत्ताच मिळालेलं शहाणपण त्याच तिखटात जाणार होतं.

अशात त्याच्या पिशवीतून बाई बोलली. इंग्रजीत. ठसक्यात.

सगुणाबाई दचकल्या. "पिशवीतून कोण बोललं?"

"फोन हाय, मामी. कंपनीची बाई. दिवसभर बोलत राहते."

"आणा दाजी, मोसंब्या ओतून घेते," म्हणत मीनानं पिशवीला हात घातला. बद्रीनाथनं पिशवी छातीशी ओढली. मीनानं सोडली नाही, पाहुणचाराचा मामला होता. दोघांच्या ओढाताणीत चार मोसंब्या खाली घरंगळल्या आणि मागून रिमोटची दांडी बाहेर डोकावली. ती फक्त धर्मराजला दिसली. तो चपळाईनं मध्ये आला, पिशवी आणि बद्रीनाथ दोघांनाही धरून म्हणाला, "पाव्हणं, गाईला काय झालंय बघा बरं जरा." आणि त्याला ओढत गोठ्यात घेऊन गेला.

गाय मजेत रवंथ करत होती. दोघं साडू लाल डोळ्यांनी एकमेकांकडं बघत उभे राहिले.

"माझं हाय ते," बद्रीनाथ दबक्या आवाजात म्हणाला.

"माहितीय. पहिल्यांदा मला वाटलं, माझंच घरी आलं. रिमोट बघितला, तवा कळलं."

"मंग सर्व्हिसिंगला गेल्तं असं कामून म्हणला?"

धर्मराजनं दाराकडं बघून घेतलं. "पंधरा दिवस झाले, माझं हरवलंय. मीनाला सांगितलंय, सर्व्हिसिंगला टाकलं. रोज विचारती, कधी येणार. आज मामीसमोर विचारणार होती. तेवढ्यात हे आभाळातून उतरलं. म्हणलं, शिव्या खाऊ, पण सुटलो." त्यानं हात जोडले. "पाव्हणं, तुमचं हितंच राहू द्या. रिमोटबी द्या. माझं जिथं पडलंय तिथून तुम्ही उचला. तुमचंच समजा."

"कुठं पडलंय?"

"तुमच्या मोसंबीत."

"माझ्या मोसंबीत? तिकडं कामून गेल्तं?"

धर्मराज शांतपणे म्हणाला, "आणि तुमचं इकडं कामून आल्तं?"

गाईनं शेपटी झटकली. दोघांनाही शिंका आल्या, त्या त्यांनी मनापासून दिल्या, कारण त्यानंतर काहीतरी बोलावं लागलं असतं. मग धर्मराजच पुटपुटला, "मामी दर खेपेला म्हणायची, थोरल्याच्या बागेसारखी मोसंबी जिल्ह्यात न्हाई. म्हणलं, बघावं तरी एकदा वरून. बघता बघता बॅटरी गेली."

"मामी असं म्हणायच्या? मला कधी न्हाई म्हणल्या."

"मला तरी तुपाशिवाय काय म्हणती?"

बद्रीनाथनं पिशवीत हात घातला आणि रिमोट काढून त्याच्या हातात दिला.

तुपात पोहणारा शिरा खाऊन, सासूबाईंना वाकून नमस्कार करून तो दुपारी घरी आला. दैवशालानं रिकामी पिशवी बघितली, नवऱ्याचं खुललेलं तोंड बघितलं आणि पिशवी खुंटीला अडकवली. बद्रीनाथनं काठी घेतली आणि तसाच बागेत गेला. एकेक ओळ, एकेक झाड. पानं सारायची, फांद्यांत बघायचं, पुढं सरकायचं. तिसऱ्या ओळीत असताना डोक्यावर ओळखीचा आवाज आला.

वर त्याचाच ड्रोन, तिखट पुसून काढलेला, लखलखत होता. बद्रीनाथ चौथ्या ओळीत गेला, तर तोही चौथ्या ओळीवर आला. पाचवीत गेला, तर पाचवीवर. इतका सरळ तो बद्रीनाथच्या हातून कधी उडाला नव्हता, हे त्याला मान्य करावं लागलं आणि ते काळजाला झोंबलंही.

खिशातला मोबाइल वाजला. ग्रुपवर व्हिडिओ आला होता. मोसंबीच्या गर्द ओळी, त्यांत वाकून वाकून चालणारा एक माणूस, आणि खाली सगुणाबाईंचा भरून आलेला आवाज: "बघा रे पोरांनो, एवढ्या उन्हात थोरलं जावाई एकेक झाड लेकरासारखं चाचपून राह्यलेत. डोळ्यानं बघून राह्यली मी धर्मराजच्या फोनात. अजून बघणार हाय."

बद्रीनाथनं मान वर केली. समोरच्याच झाडात, हात लांबवला तर पुरेल अशा फांदीवर, पानांच्या आड, धर्मराजचा ड्रोन अडकला होता. नवाकोरा, एक ओरखडा नाही.

वरचा कॅमेरा जराही हलला नाही.

बद्रीनाथनं काठी झाडाला टेकवली, तिथंच खाली बसला आणि मन लावून गवत उपटायला लागला.