वळवणला पळालेलं आइस्क्रीम

आइस्क्रीम करावं तर मीच! हे मी नाही म्हणत, पुण्याला आमच्या आळीत कुणालाही विचारा. त्यामुळे आमच्या ह्यांची लोणावळा स्टेशनावर पार्सल ऑफिसात बदली झाली आणि आम्ही रेल्वेच्या चाळीत राहायला आलो, तेव्हा मला वाटलं, महिन्याभरात शेजारणी दाराशी रांग लावतील. कसची रांग! संक्रांत गेली, शिमगा गेला, पण जवळच्या वळवण गावाहून दूध घालायला येणारी विठाबाई सोडली तर एक बाई माझ्या घरी फिरकली नाही. विठाबाईही दूध मापायची आणि चालू लागायची. दुपारभर मी भिंतीवरच्या पालीशी बोलायची. हसू नका! ती बिचारी मधूनमधून चुकचुकून उत्तर तरी द्यायची.

त्यात पुढे पावसाळा. इथला पाऊस लागला की दार उघडायची सोय नाही म्हणतात. म्हणजे आत्ताच वैशाखात ओळखीपाळखी झाल्या नाहीत, तर सगळा पावसाळा मी आणि पाल!

म्हणून मी बेत आखला. वळवणच्या बायकांना दुपारी घरी बोलवायचं, क्रोशाच्या सुईवर जाळीचा रुमाल विणायला शिकवायचं आणि वर आंब्याचं आइस्क्रीम खाऊ घालायचं.

"त्या शेतात राबणाऱ्या बायका. रुमाल विणायला येतील होय?" हे म्हणाले.

"आइस्क्रीमला येतील!" मी म्हटलं. "तुम्ही फक्त बर्फ आणा."

बर्फ भुशात गुंडाळून पुण्याच्या गाडीने आला. विठाबाईने गावात निरोप दिला, आणि ठरल्या दुपारी खरंच माझी ओसरी भरली. तिच्याबरोबर तिच्या जावा, शेजारणी, शिवाय गावातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या धोंडाबाई. मला तर आनंदाने काय करू नि काय नको असं झालं! नमुन्याला म्हणून एकेक रुमाल मी आधीच विणून ठेवला होता, तो प्रत्येकीच्या हातात दिला.

धोंडाबाईंनी रुमाल उजेडाकडे धरला. "वैनी, ह्याला भोकं हाईत की लय!"

"ती नक्षी आहे, मावशी."

"आमी सुई हातात घेतो ती भोकं बुजवाया. तुमी आमाला भोकं पाडाया बलावलं व्हय?"

हशा पिकला. मीही हसले, पण विणकाम काही पुढे सरकेना. शेवटी सुया बाजूला ठेवल्या आणि आइस्क्रीमचा पॉट बाहेर आणला. दांडा फिरवायला मात्र बायकांची चढाओढ! अशी हातोटी, की माझ्या निम्म्या वेळात आइस्क्रीम घट्ट झालं. मी वाट्या भरल्या, हातात दिल्या आणि वाहवा ऐकायला उभी राहिले.

कुणी खाईना! विठाबाईने बोटाचं टोक बुडवून जिभेला लावलं आणि जावेकडे पाहिलं. जावेने धोंडाबाईंकडे पाहिलं.

"खा ना!"

"खातो की. तुमी जावा आत, कामं आसतील."

आवडलं नाही! की माझ्या हातचं खायचंच नाही ह्यांना? मी आत गेले आणि पदराने डोळे पुसले. आता उद्यापासून दूधसुद्धा विठाबाई बाहेरूनच ठेवून जाणार, अशी माझी खात्री झाली.

बाहेर येऊन बघते, तर वाट्या लख्ख!

"संपलं? आणखी देऊ?"

"द्या की!"

पुन्हा वाढलं. पॉटाचं झाकण लावायला मी पाठ फिरवते न फिरवते, तोच वाट्या पुन्हा लख्ख! माझी छाती अशी फुगली म्हणता! आणि तेवढ्यात धोंडाबाई ताडकन उभ्या राहिल्या.

"आगं बाय बाय! कंबर गारठली की माजी!"

त्यांच्या ओच्यातून ओघळ सुरू झाला. मग जावेच्या ओच्यातून, मग सगळ्यांच्याच! अहो, ह्या बायकांनी आइस्क्रीम माझ्याच रुमालांत बांधून कनवटीला खोचलं होतं. आणि रुमाल कसले? जाळीचे!

"अहो, खाल्लं का नाहीत तुम्ही?" मी रडवेली होऊन ओरडले.

विठाबाईने मान खाली घातली. "लय ग्वाड हाय, वैनी. म्हनून तर! पोरास्नी सोडून घशाखाली उतरंना. लाडूवानी ऱ्हाईल वाटलं. ह्ये असं पळतंय, कुनाला ठावं?"

मला इतकं हायसं वाटलं, की त्या गारठलेल्या धोंडाबाईंना मी मिठीच मारली. पॉट अजून अर्धा होता. मी घरातली भांडी काढली. तपेली, गडू, कळशी, शेवटी ह्यांचा दाढीचा पेलासुद्धा! सगळ्यांत आइस्क्रीम भरलं, पॉट मी स्वतः डोक्यावर घेतला आणि म्हटलं, "पळा वळवणला!"

रेल्वेच्या चाळीतून बायका भांडीकुंडी घेऊन धावत सुटलेल्या पाहिल्यावर नाक्यावरच्या दत्तोबा वाण्याला काय वाटणार? "आग! आग!" म्हणून त्याने अशी बोंब ठोकली, की दुकानांतले पुरुष बादल्या घेऊन आमच्या मागे लागले. स्टेशनातून आमचे हे रेल्वेची वाळूची लाल बादली उचलून आले. टोपीसुद्धा नाही डोक्यावर!

"कुठे लागली?"

"लागली नाही, वितळतंय!"

"काय वितळतंय?"

"आधी पळा!"

आणि हे पळाले हो, बादलीसकट!

वळवणात पोरांचा गराडा पडला. एका चिमुरडीने घास घेतला आणि "भाजलं! भाजलं!" म्हणून भोकाड पसरलं, मग डोळे पुसून आणखी मागितलं. निम्मं दूध झालेलं, पण पोरांनी पॉट चाटूनपुसून लख्ख केला. आग विझवायला आलेल्यांनाही चमचा चमचा मिळालं. ह्यांनी दोनदा घेतलं, मी पाहिलं!

दुसऱ्या दिवशी सकाळपासून भांडी परत यायला लागली. रिकामं एकही नाही! तपेल्यात आंबेमोहोर तांदूळ, कळशीत करवंदं, दाढीच्या पेल्यात लोण्याचा गोळा. जी ती आत येऊन बसली, बोलली.

सगळ्यांत शेवटी विठाबाई आली. पदराखाली गडू.

"काल समद्यांनी खाल्लं, तुमी तेवडं न्हाई खाल्लं. मी बगितलं. तुमचा वाटा आलादा ठिवला. रातभर मांजरापासनं राखला."

मी गडूत डोकावले. वैशाखातली रात्र! आंबूस वास आला, वर एक मुंगीही पोहत होती. विठाबाई मात्र आयुष्यात प्रथमच माझ्या ओसरीवर ऐसपैस बसून माझ्या तोंडाकडे बघत होती. माझ्यासाठी असं कुणी काही राखून ठेवल्याला किती दिवस झाले होते! मी मुंगी काढली आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

"कसं हाय?"

"लय ग्वाड!"

संध्याकाळपासून पोटाने जो हिसका दाखवला, त्याचं वर्णन इथे नको. विठाबाई ओवा घेऊन धावली, मागोमाग सगळं वळवण. "तुमचा त्यो बर्फ बाधला," असं सगळ्यांचं एकमत पडलं, आणि मीही मान डोलावली. खरं काय ते विठाबाईला अजून ठाऊक नाही. तुम्हांला सांगितलंय, तर तुमच्यापाशीच ठेवा हं!