परबसर आणि बदलतं बल

परबसरांना "किती जोर लागला?" असं कुणी विचारू नये. आमच्या कट्टा गावात आता बहुतेकांना हे माहीत आहे. मी त्यांचा शेजारी, वर त्यांच्या भौतिकशास्त्राच्या वर्गातला जुना विद्यार्थी, त्यामुळे मला जरा लवकर कळलं.

"खंयच्या क्षणाचो जोर?" असा उलट प्रश्न येतो आणि मग सुटका नसते. विहिरीवर भरलेली कळशी अर्ध्यात लोंबकळत ठेवून ते समजावतात. कळशी वर येईल तशी लोंबणारी दोरी कमी होते, तिचं वजन घटतं, म्हणून जोर सारखा बदलत असतो. "बल बदलता रे. नुसतो गुणाकार करशीत तर मार्क कापतलंय. इंटिग्रेशन कर." निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण मार्क कापणं चालू आहे. मागे पाण्यासाठी उभ्या असलेल्या बायका तोवर खाली बसून घेतात.

एकदा ते बाजारातून तांदळाचं पोतं खांद्यावर आणत होते. पोत्याला भोक. मी म्हटलं, "सर, तांदूळ सांडतत."

"ठाऊक आसा. पण एकाच दरान सांडतत. गणित सोपा आसा."

चाल न बदलता ते घरापर्यंत आले. मागून वाडीतल्या कोंबड्या आल्या. त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकींनी, आधी पोत्याकडे आणि मग सरांकडे पाहिलं. "ह्यांका भात नको, गणित वाढूक व्हया," एवढंच म्हणाल्या आणि सूप घेऊन सांडलेले तांदूळ वेचायला वाटेला लागल्या.

गेल्या वर्षी काकींना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला. व्यायामासाठी डॉक्टरांनी रबरी पट्टा दिला. एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं हातात. व्यायाम सोडलात तर हात कायमचा गेला, असंही बजावलं. सुरुवातीला पट्टा दोन बोटं ताणला जायचा, महिन्याभराने चार.

एका सकाळी मी आंबे द्यायला गेलो, तर काकींनी पट्टा फेकून दिला होता. "महिनोभर मरतंय, आणि चार बोटां. माका पुरे झाला."

सरांनी खडू घेतला आणि खिडकीच्या फळीवर एक तिरकी रेघ काढली. "ताणत जाशीत तसो पट्टो जास्त जोरान मागे ओढता. बल बदलता गो. रबर स्प्रिंगेसारखो वागता असा धरूया."

खरं तर रबर अगदी तसं वागत नाही; परीक्षेत आम्ही असं काही धरलं की पेपरावर लाल रेघ यायची. इथे ते स्वतःच धरत होते. रेघेखाली दोन बोटांपाशी छोटा त्रिकोण झाला, चार बोटांपाशी मोठा.

"रेघेखालची जागा म्हणजे तुझा काम. मोठ्यात धाकटे किती मावतत, मोज."

काकींनी डाव्या हाताने मोजले. "चार."

"म्हणजे काम दुप्पट नाय. चौपट केलंस."

काकींनी डाव्या हाताचं बोट रेघेवरून आणखी पुढे सरकवलं. मग म्हणाल्या, "आणि सहा बोटां केली तर?"

झोपेतून उठवलं तरी सरांनी हे उत्तर दिलं असतं. पण आमच्याकडे पाठ करून ते तेच त्रिकोण पुन्हा पुन्हा गिरवत राहिले. शेवटी मीच सांगितलं, "नऊपट, काकी."

"मगे बांधा पट्टो," काकी म्हणाल्या.

सरांनी वाकून पट्टा उचलला. गाठ मारायला त्यांना फार वेळ लागला.