बाळारामाचे टेस्टिंग

गणपती घरी आणण्यापूर्वी बाळाराम चौरंगावर स्वतः बसून पाहतो. मांडी घालून, हात गुडघ्यांवर ठेवून, पाच मिनिटे. "देवापेक्षा माझं वजन जास्त हाय, गुरुजी. मला पेललं तर त्याला पेलेल." पेणमध्ये मूर्ती घडविणारे पुष्कळ आहेत, मूर्तीच्या जागी बसून पाहणारा हा एकच.

रामवाडीत आमच्या दोन घरांमध्ये एक कुंपण आहे. शाळेत तो माझ्या हाताखाली शिकला. पुढे धाटावच्या एका कंपनीत बॉयलर चालवू लागला. निवृत्त झाला, तरी शिफ्ट सुटली नाही. छत्री तो भर उन्हाळ्यात नळाखाली धरून तपासतो. नवी चप्पल रस्ता पाहण्यापूर्वी अंगणात शंभर फेऱ्या मारते. प्रत्येक चाचणी वहीत, वेळेसह, खाली सही. "टेस्टिंगशिवाय चालू नाय," हे त्याचे ब्रीद. लग्न त्याने केले नाही. कारण हेच असावे असे लोक म्हणत. मी म्हणत नसे. खोडूनही काढीत नसे.

घरात थोरली बहीण होती, माई. संधिवाताने तिचे खांदे आखडले होते. शेवटच्या हिवाळ्यात ती रोज सकाळी आतून विचारी, "बाळा, झालं का रे टेस्टिंग?" कशाचे, हे मी कधी विचारले नाही. गल्लीला वाक्य आयते मिळाले. माई गेली, तरी ते थट्टेसाठी मागे राहिले.

घोडी त्याच्या अंगणात आली ती माई गेल्यावर. घरामागच्या मोकळ्या जागेत एका बँडवाल्याची पांढरी घोडी बांधलेली असे. माई तिला भाजीची देठे घाली आणि चंद्री म्हणे. बँडवाल्याने वरातींसाठी तरुण घोडी आणली, तेव्हा या म्हातारीचे दावे धरून बाळाराम तिला आपल्या अंगणात घेऊन आला. का, हे त्याने सांगितले नाही.

गेल्या मार्गशीर्षात थंडीने चंद्रीची कंबर धरली. गुरांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले: रोज सकाळी कमरेवर कोमट पाण्याची एकसारखी धार, लगेच कोरडे पुसून वर कांबळे, नाहीतर एके दिवशी बसेल ती उठणार नाही.

बाळारामाने हातगाडी आणली. तिच्यावर निळे पिंप, बॅटरीवर चालणारा पंप, गॅसचा गिझर, खाली सिलिंडर, आणि लांब पाइपाच्या टोकाला हातात धरायचा शॉवर. घोडी जिथे उभी असेल तिथे गाडी जाणार. रचना चोख होती. मी सहसा असे म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी घोडी न्हाईल अशी माझी अपेक्षा होती. दुसऱ्या दिवशी बादली न्हाली. नंतर कुंपणाचा खांब. नंतर, अंगातले सदरा-पँट तसेच ठेवून, बाळाराम. जन्मभर थंड पाण्याने आंघोळ करणारा मनुष्य हा. धाटावच्या बससाठी थांबलेली मंडळी समोरच उभी होती.

"काका, घोडी कोरडीच, नवरदेव न्हाला," एक म्हणाला. दुसऱ्याने अर्थातच विचारले, "झालं का टेस्टिंग?"

"हसा," बाळाराम निथळत म्हणाला. "पाणी दोन डिग्री वरखाली होतंय. भाजलं तर तिला सांगता येणार हाय का?"

तोवर बादलीने तरी पाणी घाल, असे मी सुचविले. 'एकसारखी धार' हे डॉक्टरांचे शब्द त्याने मला परत ऐकवले. असे आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी सकाळी त्याने कुंपणावरून हाक मारली. चंद्री बसली होती. पुढचे पाय रोवी, मागची बाजू उचलत नव्हती. मी बससाठी थांबलेल्या मंडळींना बोलावले. कोणी थट्टा केली नाही. तिच्या पोटाखालून जाड पट्टा घेतला, चौघांनी मागून रेटा दिला, आणि तिसऱ्या खेपेस ती उभी राहिली. चारही पाय कापत होते. बस आली, मंडळी गेली.

गाडी तयार होती. बाळाराम थर्मामीटर हातात घेऊन नुसता उभा.

"आता काय राहिले?" मी विचारले.

"एक टेस्ट."

त्याने गिझरच्या पत्र्यावर हात ठेवला.

"हा गिझर माईसाठी आणलेला, गुरुजी. तांब्या उचलवत नव्हता तिला. म्हणाली, मी स्टुलावर बसते, तू वरून पाणी सोड. तेव्हापण एकच टेस्ट राहिली होती."

माईचे ते वाक्य मी हिवाळाभर कुंपणापलीकडून ऐकले होते, आणि विनोद समजलो होतो.

त्याने थर्मामीटर खिशात घातला. गिझर पेटवला, धारेखाली क्षणभर मनगट धरले आणि शॉवर चंद्रीच्या कमरेवर नेला. तिची कातडी एकदा शहारली. मग मान हळूहळू खाली आली आणि कान सैल पडले.

"भाजत नाय ना गो?" त्याने विचारले. इतक्या हलक्या आवाजात त्याला बोलताना मी कधी ऐकले नव्हते.

मी कांबळे घेऊन उभा राहिलो. वही गाडीवर उघडी पडली होती. त्या दिवशीचा रकाना कोरा राहिला. तो भर, असे मी सांगितले नाही.