मधली खाच

ड्रायव्हिंगच्या परीक्षेत नर्सबाई तीनदा नापास झाल्या होत्या. घरोघरी जाऊन रुग्ण बघायची नवी नोकरी ठरली होती, पण महिनाअखेरपर्यंत लायसन्स दाखवलं नाही तर ती हातची जाणार होती. शेवटी सासऱ्यांनी काळजावर दगड ठेवून आपली जुनी गाडी पुढे केली.

"हे बघ सूनबाई, हिला स्प्रिंगा नाहीत. तेल आणि वायूचे गोळे आहेत." त्यांनी सीटशेजारचा दांडा दाखवला. "हा मधल्या खाचेत असला की गाडी चालत नाही, तरंगते. वरच्या खाचेत घेतलास की चांगली वीतभर उंच होते."

"म्हणजे आणखी मऊ?"

"छे गं! पार दगड होते. चाकं ताणली जातात, हलायला जागाच राहत नाही. चवड्यांवर चालून बघ, म्हणजे कळेल. खड्ड्यातून काढायची असेल तरच वर घ्यायची."

परीक्षा घेणाऱ्या साहेबांचे डोळे लाल होते. वीस वर्षं शिकाऊ लोकांशेजारी बसून त्यांची झोप पार उडाली होती. अंथरुणातही त्यांचा उजवा पाय ब्रेक दाबायचा, म्हणून बायको दुसऱ्या खोलीत झोपायची. दाराची मूठ घट्ट धरून ते म्हणाले, "चला. हळू हं, बाई."

गाडीने सुस्कारा टाकला, आधी मागून उठली, मग पुढून, आणि निघाली. फाटकातला उंचवटा आला कधी, गेला कधी, समजलंच नाही. कालव्याकाठची झाडं आवाज न करता मागे सरकत होती. आपण जागेवरच आहोत आणि गावच कुठेतरी निघालंय, असं नर्सबाईंना वाटायला लागलं.

"आता डावी..." साहेब म्हणाले, आणि पुढचं म्हणालेच नाहीत.

मान कलली होती, तोंड किंचित उघडं होतं, पाय निवांत पसरला होता. झोपलेल्या माणसाला उठवायचं नाही, हे बाईंच्या हाडीमासी भिनलेलं. त्यांनी डावीकडे वळून दोन खांबांमध्ये एका दमात रिव्हर्स घेतली. आयुष्यात पहिल्यांदा!

"साहेब, बघितलंत का?"

साहेब झोपेत गोड हसले. बाई खाकरल्या, हॉर्न वाजवला. ढिम्म! बघणाराच झोपला तर सही कोण करणार? नाइलाजाने त्यांनी दांडा वरच्या खाचेत ओढला. गाडी टाचा उंचावून उभी राहिली आणि पुढच्याच स्पीडब्रेकरवर अशी आदळली, की साहेबांचं डोकं छताला लागलं.

"काय झालं? काय झालं?"

"स्पीडब्रेकर, साहेब."

साहेबांनी कागदावर शेरा मारला. "नापास."

"अहो, रिव्हर्स एका दमात घेतली मी!"

"ती मी पाहिली नाही." साहेब प्रामाणिक होते. मग खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाले, "पुढच्या मंगळवारी या. हीच गाडी आणा. जरा लांबच्या रस्त्याने जाऊ."

बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

पुढच्या मंगळवारी त्या घरूनच दांडा वर करून आल्या. साहेब स्वेटरची छोटी उशी करून घेऊन आले होते. पहिल्या शंभर पावलांतच त्यांचे दात वाजायला लागले. डोळे टक्क उघडे ठेवून त्यांनी सगळं पाहिलं, रिव्हर्ससुद्धा, आणि परतल्यावर सही केली.

"पास. चूक काढायला जागाच ठेवली नाहीत." त्यांनी स्वेटरची घडी मोडली आणि तो तसाच मांडीवर घेऊन बसून राहिले.

कागद पर्समध्ये गेला तसा बाईंचा राग गेला. त्या लाल डोळ्यांची त्यांना फार दया आली. त्यांनी दांडा मधल्या खाचेत आणला. सुस्कारा टाकत गाडी खाली बसली.

"दार लावून घ्या, साहेब. कालव्यापर्यंत जाऊन येऊ."

"पण पुढचा उमेदवार ताटकळलाय..."

"थांबेल तो. त्याला कुठे गाडी चालवता येतेय?"

साहेबांनी मुकाट्याने स्वेटरची पुन्हा घडी घातली. पुलापाशी बाईंनी हलक्या आवाजात विचारलं, "डावीकडे की उजवीकडे?"

साहेबांची मान कलली होती. बाईंनी लांबचा रस्ता धरला.