आक्का एकटीच निघाली

जुन्या गाडीचा छंद घरच्यांना कसा लावावा, हे कुणाला शिकायचं असेल तर त्यानं सरळ माझ्याकडे यावं! मागच्या महिन्यापासून तर मी हे छातीठोकपणे सांगतोय.

आमच्या गाडीचं नाव आक्का. वयानं माझ्याहून मोठी, म्हणून आक्का. स्वभावही थोरल्या बहिणीचाच. मनात आलं तर चालणार, नाही तर ढिम्म हलणार नाही! मी तिचं सगळं मनापासून करतो. पण माझ्यामागं तिचं कोण करणार, या विचारानं अलीकडे मला अन्न गोड लागेनासं झालं होतं.

कारण घरात सगळ्यांची आक्काशी ओळख ती फक्त पाठीमागून. मुलानं लहानपणापासून तिला ढकललंच आहे. सूनबाई लग्न होऊन आली आणि दुसऱ्याच दिवशी ढकलायला उभी राहिली. नात आता कॉलेजात जाते, पण शाळेत असताना तिनं निबंधात लिहिलं होतं, ‘दर रविवारी आम्ही गाडी ढकलत फिरायला जातो.’ तिच्या बाईंना वाटलं, घरात तान्हं बाळ आहे!

अशात आमच्या जुन्या गाड्यांच्या मंडळानं ‘तीन पिढ्यांची फेरी’ जाहीर केली. आजोबा, मुलगा आणि नातवंड अशा तिघांनी एकाच गाडीत बसून मैदानाला एक चक्कर मारायची.

“आपण भाग घेतोय!” मी जेवताना सांगून टाकलं.

“बाबा, माझी एक अट आहे,” मुलगा म्हणाला. “आक्कानं स्वतःच्या इंजिनावर फेरी पुरी केली तर मी पुन्हा तिच्याबद्दल चकार शब्द काढणार नाही. नाही केली, तर ती हॉटेलवाल्याला देऊन टाकायची.”

हा हॉटेलवाला कधीचा आक्कावर डोळा ठेवून होता. त्याला ती हॉटेलच्या दारात उभी करायची होती. “इंजिन काढून टाकतो, बॉनेटमध्ये माती भरतो, गुलाब काय फुलतील बघा!” असं तो मला तोंडावर म्हणाला होता. आक्काच्या पोटात गुलाब! पण मी ईर्षेला पेटलो आणि अट मान्य करून बसलो.

मैदानावर गाड्यांची नुसती रांग लागली होती. व्यासपीठावर भला मोठा फलक, ‘छंद नव्या पिढीच्या हाती!’ आणि त्याच्याखाली प्रत्येक गाडीवाला आपापल्या नातवावर ओरडत होता, “हात लावू नकोस! डाग पडेल!” हॉटेलवालाही आला होता. तो आक्काच्या बॉनेटची लांबी वितीनं मोजत होता.

आमची पाळी आली. आक्का अर्थातच सुरू होईना. समोर ट्रॅकपर्यंत हलकासा उतार होता, म्हणून बाकीच्यांना मागं पाठवून मी स्टिअरिंगच्या चाकाशी बसलो. गिअर टाकला. जुन्या गाडीत ॲक्सिलरेटरची एक हातानं ओढायची खुंटी असते. ओढून ठेवली की पाय न लावताही गाडी आपली चालत राहते. तीही ओढली.

“हं, ढकला!”

गाडी तसूभर सरकली आणि थांबली.

“अरे, असं ढकलतात का? कमरेतून जोर लावा!”

“बाबा, लावलाय!” सून म्हणाली.

“आजोबा, तुम्हीच दाखवा ना कसं ते,” नात म्हणाली.

झालं! कुणी मला ‘दाखवा’ म्हटलं की माझं भान सुटतं. मी ताडकन खाली उतरलो आणि मागं गेलो. “हे बघ, पाय असे. पाठ अशी. ढकलण्याचंही शास्त्र असतं, बेटा. आता सगळे मिळून!”

आम्ही चौघांनी जोर लावला. आक्का खोकली, थरथरली, आणि चक्क सुरू झाली! पहिल्याच दणक्यात! मी आनंदानं मुलाला मिठी मारली. सुनेनं टाळ्या वाजवल्या.

“आजोबा,” नात म्हणाली, “गाडी कोण चालवतंय?”

आम्ही सगळ्यांनी एकमेकांची तोंडं पाहिली. सगळी इथंच होती!

आक्का डुलत डुलत ट्रॅकवर पोचली होती. तिकडं निवेदक मान खाली घालून, मीच लिहून दिलेलं वाचत होते, “पाहा, पाहा या तीन पिढ्या! आजोबांच्या चेहऱ्यावरचं समाधान पाहा!” लोक रिकाम्या गाडीकडे बघून हात हलवत होते. बाजूला उभे असलेले एक गृहस्थ बायकोला सांगत होते, “अगं, बिनचालकाची आहे. त्या काळीसुद्धा होत्या!”

“पळा!” मी किंचाळलो.

नात सुसाट सुटली. पायरीवर उडी मारून आत शिरली आणि तिनं व्यासपीठाच्या पायऱ्यांपाशी चाक वळवलं. पाहुण्यांनी पाय वर घेतले. पाठोपाठ मुलगा चढला, मागच्या सीटवर सूनबाई. मी मात्र गुडघे धरून उतारावरच उभा!

फेरी पुरी झाली. आक्का थांबेना. दुसरी सुरू झाली.

“अरे, थांबवा!” मी ओरडलो.

“थांबवली तर परत ढकलावी लागेल!” मुलगा ओरडला. तो हसत होता. एवढ्या वर्षांत आक्कात बसून तो हसलेला मी पाहिला नव्हता.

बक्षीस गेलंच. गाडीत दोनच पिढ्या आढळल्या! पण हॉटेलवाला पुढं येताच मुलगा त्याच्यावर खेकसला, “विकायची नाही. बॉनेटवरचा हात काढा. डाग पडेल!”

तर वाचकहो, छंद लागला, आणि असा लागला की काही विचारू नका. आता दर रविवारी नात चाकाशी, मुलगा शेजारी, मागं सूनबाई आणि तिच्या दोन मैत्रिणी. “बाबा, तुमच्याइतकं शास्त्रशुद्ध कुणाला जमत नाही हो,” असं सूनबाई लाघवीपणानं म्हणते, आणि मी कमरेतून जोर लावतो.

आत्ताही तसाच लावला. मंडळी फिरायला गेली. मी आमच्या रस्त्याच्या उताराच्या तळाशी उभा आहे, आणि घर वर आहे. तुम्ही गाडी घेऊन त्या बाजूला निघाला असाल, तर मला जरा सोडता का?