बिनदेवाच्या सणाची हकीकत

एका देवाचे नाव घ्यावे तर दुसरा रुसेल, सबब प्रथम थंडीस नमन असे. शके १९११, शुक्लनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी राज्यात जे वर्तमान जाहले ते येणेप्रमाणे. आदले साली चौकातील रोषणाई नाताळची की संक्रांतीची, यावरून रयतेत मोठी हमरीतुमरी जाहली आणि महाराज कंटाळोन कारभारी निळोपंतांस बोलिले की, कोणाचाच नव्हे ऐसा एक हिवाळ्याचा सण काढावा. पंत हुशार, आणि आपण हुशार हे त्यांस पक्के ठाऊक, तेच नडले. मग त्यांनी हुकूम काढिला की, सणास देव नसावा, नाताळची चांदणी नसावी, तिळगूळ नसावा; शेकोटी करावी, हुरडा भाजावा, रस्सीखेच खेळावी आणि गाणी म्हणावी. गाण्यांतून देव वेचोन काढिता बडबडगीते तेवढी उरली, तीही मंजूर जाहली. आणि घरोघर फराळाची ताटे फिरतात, त्यांवरून कोणाचा सण ते उघड होते, सबब ताटेही बंद.

पंतांचे शेजारी मार्सेलिनबाई म्हणोन एकट्या राहत. नाताळास त्यांजकडील कुलकुलांचे, म्हणजे तळलेल्या गोड शंखांचे, ताट पंतांचे घरी यावे आणि संक्रांतीस तेच ताट तिळाच्या वड्या घालोन परत जावे, हा परिपाठ पंतांची बायको वारल्यावरही मोडला नव्हता. त्या साली बाई पदराखाली ताट झाकोन आल्या, तो पंत उंबऱ्यातच आडवे उभे राहिले आणि म्हणाले की, कारभाऱ्यानेच हुकूम मोडिला तर रयतेस काय सांगावे, आपण शेकोटीस यावे, तेथे सर्वांस सारखेच आहे. बाई ताट घेऊन माघारी गेल्या. मग शेकोटीस रयत लोटली, हुरडा बहुत गोड निघाला, कोणी कोणाशी भांडले नाही आणि महाराजांनी पंतांस शालजोडी दिली. मात्र आरंभी काय म्हणावे आणि उठावे केव्हा, हे कोणासच ठाऊक नसल्याने मंडळी उगीच हात शेकत बसली. पंत गर्दीत बाईंस धुंडीत होते. बाई आल्या नाहीत.

मग संक्रांत आली आणि पंतांस घर खायला उठले. आपल्या दाराशी आपणहून येणारे एकच माणूस होते आणि तेही आपणच घालविले, याचे त्यांस फार वाईट वाटले. मग हुकूम बाजूस ठेवोन त्यांनी स्वहस्ते वड्या थापिल्या, त्या अंमळ करपल्या, आणि घरचेच ताट घेऊन ते बाईंचे दारी गेले.

"चुकलो, बाई. एवढं घ्या."

बाईंनी त्यांस बसविले, पाणी दिले, वड्या डब्यात काढोन घेतल्या, ताट धुतले, पुसले आणि पंतांचे हाती ठेविले. त्यात चिमूटभर साखरही नव्हती.

"रागावले नाही हो मी," बाई म्हणाल्या. "पण तुमच्या दारातून परत आले, त्यानंतर गोडाचं काही केलंच नाही. ताटात घालू काय?"

येणेप्रमाणे राज्यातील तंटा मिटला. सण पुढेही दर साली शिस्तीत होत गेला, हुरडाही चांगला असे. पंत मात्र शेकोटीपासून लांब बसत. इतकेच वर्तमान.