नानांचं मॅनिफोल्ड

नानांच्या घरी सोफ्यावर माणसं बसत नाहीत. तिथे मॅनिफोल्ड बसतात.

मी देवपुरात नवी राहायला आले तेव्हा शेजारधर्म म्हणून नानांनी मला चहाला बोलावलं. आत शिरले तर सोफ्यावर जुन्या चादरीवर तीन काळपट लोखंडी वस्तू ऐसपैस पसरलेल्या. प्रत्येकीला चार पाय, आणि चारही पाय पुढे जाऊन एका नळीत मिळालेले. मी शाळेत गणित शिकवते. मला वाटलं, हे शेतीचं एखादं अवजार असावं. नाना म्हणाले, "ताई, तुम्ही खुर्चीवर बसा. यांना हलवलं तर कोण कुठल्या दुकानातलं ते मी विसरेन."

मग चहा निवेपर्यंत त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. इंजिनाची चार तोंडं धूर सोडतात. चौघांचा धूर गोळा करून एका पाइपात घालतं ते मॅनिफोल्ड. अंगणात त्यांची जुनी पिकअप ताडपत्रीखाली उभी होती. तिचं मॅनिफोल्ड काढून ठेवलेलं होतं आणि नवं बसवायचं होतं.

"कधी बसवणार?" मी विचारलं.

"पाहूत. घाई काय शे?"

पुढची दोन वर्षं मी हे उत्तर ऐकत राहिले.

नाना सरकारी वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, आणि खिशात पेन असतं त्या जागी स्टीलची पट्टी. बायको वारलेली, एकुलता एक मुलगा मनोज पुण्याला. एवढंच मला माहीत होतं. बाकी माणूस सगळा मॅनिफोल्डमय होता.

आठवड्यातून एकदा तरी ते एसटीने जळगावला नाहीतर चाळीसगावला जात. हातात कापडी पिशवी, पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं गॅस्केट, म्हणजे इंजिन आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये बसणारी पातळ पट्टी. दुकानात गेल्यावर आधी गॅस्केट लावून भोकं जुळतात का ते बघायचं. मग तोंडावर स्टीलची पट्टी आडवी धरायची आणि खालून उजेड दिसतो का ते एक डोळा मिटून पाहायचं. मग घराच्या किल्लीने टक्‌ टक्‌ करून कान लावायचा. आतून तडा असेल तर आवाज बद्द येतो म्हणे. शेवटी एकेका भोकाला डोळा लावायचा. जळगावच्या एका दुकानदाराने त्यांना लांबून येताना पाहून शटर अर्धं ओढलं होतं. नाना वाकून आत आले आणि म्हणाले, "बरं केलं. उजेड कमी असला की फट नीट दिसते."

त्यांचं मत विचारावं तर ते न्यायाधीशासारखं. "बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, चांगलं. उष्णता धरतं, आवाज पोटात ठेवतं. पण जड, आणि एकदा तडकलं की संपलं." आणि पाइपाचा हेडर, म्हणजे नळ्या जोडून केलेलं मॅनिफोल्ड? "तोही चांगला. चार नळ्या वेगळ्या, एकीचा धूर दुसरीच्या वाटेत येत नाही, इंजिन मोकळं पळतं. पण जोड उकलतात, बॉनेटखाली भट्टी होते." मग घ्यायचं कोणतं? "पाहूत."

माझा भाऊ नशिराबादला गॅरेज चालवतो. त्याच्या वास्तुशांतीला मी नानांना बरोबर नेलं. पंगत बसली आणि नाना गायब. शोधता शोधता मांडववाल्याच्या पिकअपखालून फक्त दोन चपला बाहेर आलेल्या दिसल्या. मांडववाला घाबरून पांढरा पडला होता. माझ्या भावाने वाकून हाक मारली तेव्हा आतून आवाज आला, "कंपनीचंच शे. बिडाचं." मग नाना बाहेर आले, हात धुतले आणि तीन वाट्या वरण प्यायले.

दर रविवारी सकाळी दहाला ते ओट्यावर बसून मनोजला फोन करत. कानाने कमी ऐकू येई म्हणून फोन स्पीकरवर. त्यामुळे बापलेकाचं सगळं बोलणं आमच्या गल्लीला पाठ होतं.

"मनोज, चाळीसगावले एक पाइपवालं देखं. चारी नळ्या सारख्या लांबीच्या शेत."

"जोड कसे आहेत, नाना?"

"बाहेरून चांगला शेत. आतून देखाले पाहिजेत."

"स्टेनलेस का साधा पाइप?"

"साधा."

"मग गंजेल. मी इकडे विचारतो."

"विचार. घाई नही शे."

वीस-पंचवीस मिनिटं हे चाले. मी भाजी निवडता निवडता ऐके आणि हसे. पुण्याचा शिकलेला मुलगासुद्धा बापाइतकाच वेडा, असं मला वाटे.

त्या वर्षी चैत्रातच ऊन भाजायला लागलं. एका दुपारी नाना चाळीसगावहून आले ते चक्कर येऊन माझ्याच पायरीवर बसले. मी मीठ-साखरेचं पाणी दिलं, डोक्यावर ओला टॉवेल ठेवला. पिशवीतलं गॅस्केट मात्र त्यांनी उन्हात ठेवू दिलं नाही. हा माणूस एक दिवस मॅनिफोल्डपायी रस्त्यात पडणार, अशी मला धास्ती वाटली. मनोजचा नंबर मी त्याच दिवशी त्यांच्याकडून मागून घेतला. आणि मनाशी ठरवलं, हे प्रकरण आता आपणच मिटवायचं.

पुढच्या आठवड्यात नाना जळगावला गेले. घराची किल्ली ते जाताना माझ्याकडे ठेवत. मी भावाला बोलावून घेतलं. सोफ्यावरच्या तिघांपैकी चार नळ्यांचा हेडर नानांनी सगळ्यात जास्त वेळा मोजला होता, तोच आम्ही उचलला. तो ज्या दुकानातून पाहायला आणलेला होता, त्या दुकानदाराला फोन केला. तो एवढा खूश झाला की त्याने नवीन गॅस्केट लगेच फुकट पाठवून दिलं. भावाने तासाभरात आठ नट आवळले, आपली बॅटरी लावली आणि इंजिन सुरू केलं. छान भरीव आवाज आला. माझ्या मनात आलं, नाना आता लहान मुलासारखे नाचतील.

नाना फाटकातून आले. इंजिन चालू होतं. पिशवी हातात तशीच धरून ते बॉनेटपाशी उभे राहिले. बराच वेळ ऐकत राहिले. मग त्यांनी चाकाच्या बाजूने वाकून चारही जोडांकडे पाहिलं.

"बरं बसलं," ते म्हणाले. "तुमचे उपकार झाले, ताई."

आणि आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

रविवारी दहाला फोन लागला.

"मनोज, बसलं रे मॅनिफोल्ड."

"बसलं?"

"हां. चार नळ्यांचं. तू म्हणे तेच."

मग मनोज म्हणाला, "गळती?"

"नही."

"आवाज?"

"चांगला शे."

"मग झालं, नाना."

"हां. झालं."

"ठेवू?"

"ठेव."

पुढच्या रविवारी नाना दहाला ओट्यावर येऊन बसले. फोन मांडीवर, पण लावला नाही. अकरा वाजता उठून आत गेले. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. एसटीच्या फेऱ्या बंद झाल्या. सोफा रिकामा झाला. त्यावर बसायला मात्र कोणी येत नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात मी मनोजला फोन लावला. नाना बरे आहेत ना, हे त्याने आधी विचारलं. मग मी विचारलं, "नाना फोन लावत नाहीत, पण तू तरी का करत नाहीस?"

"काय बोलू, काकू?" तो म्हणाला. मग तोच सांगायला लागला.

"ते जुनं मॅनिफोल्ड मीच काढलं होतं. मला पाइपाचा हेडर बसवायचा होता, नाना नको म्हणत होते. त्याच दुपारी आईच्या छातीत दुखायला लागलं. गाडी उघडी पडलेली. मी जुनं परत बसवायला लागलो, तेवढ्यात नाना तिला रिक्षात घालून घेऊन गेले. संध्याकाळी एकटेच आले. मला एवढंच म्हणाले, गाडी चालू राहिली असती तर. बास. तेराव्यानंतर मी पुण्याला निघून आलो. चार महिने बोलणं नाही. मग एका रविवारी त्यांचा फोन आला. बिडाचं चांगलं का पाइपाचं, म्हणाले."

"मग?"

"मग काय. मी गाड्यांचं काम केव्हाच सोडलंय, काकू. कुरिअरच्या ऑफिसात बसतो. पण शनिवारी बाजारात जाऊन मॅनिफोल्डचं विचारून यायचो. रविवारी सांगायला काहीतरी पाहिजे ना."

माझा भाऊ तासाभरात आठ नट आवळून गेला होता. मी मनोजला म्हटलं, "माझं चुकलं. पण आखाजी आलीय. आईची घागर भरायला तरी ये."

"पाहतो," तो म्हणाला.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सकाळी तो आला. उंच, खांद्यात वाकलेला, हुबेहूब नानांसारखा. दोघांनी मिळून गेलेल्या आईच्या नावाची घागर पूजली, तिच्यावर आंबा ठेवला, आणि एकमेकांकडे न बघता जे लागेल ते एकमेकांना देत राहिले. घरात बाईमाणूस नाही म्हणून मांडे आणि आमरस मी करून नेला होता. दोघांची ताटं वाढली आणि मी स्वयंपाकघराच्या दारात थांबले.

मनोज ताटावर बसला होता, पण जेवत नव्हता. नानाही तसेच.

"मनोज," नाना म्हणाले, "गाडी राहती तरी ती वाचनार नव्हती. डॉक्टरनी माले त्याच दिवशी सांगं व्हतं. मी तुले सांगं नही."

मनोजने पाण्याचा पेला ताटाजवळ ओढला.

"माले कोनावर तरी राग काढना व्हता. तू समोर व्हता."

मी तिथून निघून जायला हवं होतं, पण गेले नाही. मनोजने विचारलं, "तिले खूप दुखत व्हतं का?"

"नही. मना खांदावर डोकं ठेयेल व्हतं. पूल लागना तवय एकदाव बोलनी." पट्टी नेहमी असायची त्या खिशावर त्यांनी हात ठेवला. "म्हने, पोरानी सकाळपासून काही खादं नही."

मनोजने मांड्याचा तुकडा मोडला आणि तो हातातच धरून बसून राहिला. नाना उठले. त्यांनी पातेलं जवळ ओढलं आणि त्याच्या वाटीत आमरस वाढला.